धुराड्याची वाट

रुस्तावीला, पोलाद कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून
बद्रीमामाची शेड.
आत निवा जीप चार घोड्यांवर अधांतरी.
तिचं मूळ इंजिन कोपऱ्यात, पोत्याखाली;
त्याच्या जागी सुबारूचं : आडवं, बुटकं, रुंद खांद्यांचं,
अमेरिकेत ठोकलेल्या कुठल्याशा गाडीतून निघालेलं,
पोती बंदरात फळीला बांधून उतरलेलं.

ते बसवलं त्या दिवशी अख्खी गल्ली जमली होती.
साखळीला हात लावायलाही चढाओढ.
आज पाइपाचं काम, आज कुणी नाही.
मी आहे, पाठीखाली पुठ्ठा,
दातांत बॅटरी.

"चूल कुणीही मांडतो," मामा म्हणतो,
"धुराडं काढून दाखवा."

जागा तो बोटांनी मोजतो.
स्टिअरिंगच्या दांड्यापासून दोन बोटं.
पुढच्या डिफरन्शियलपासून एक, तीही करंगळी.
स्टार्टरच्या तारेला धग सोसत नाही, तिच्यापासून लांब.
मग बारीक सळई वाकवत वाकवत
तो धुरासाठी वाट शोधतो,
अंधारात सुईत दोरा ओवावा तशी.

सळईवरून पाइप.
मुळ्यासारख्या तिरप्या चकत्या कापायच्या,
एकेक फिरवून जोडायची, म्हणजे वळण येतं.
नंबर मी घातले. सात नंबर उलटा लागला.
मामा काही बोलला नाही,
करवत माझ्या हातात दिली.

टाका घालताना पाइपाच्या पोटातूनही आरगॉन सोडावा लागतो,
दोन्ही तोंडं चांदीच्या कागदाने बांधून;
नाहीतर टाक्याची पाठ करपते, दाणेदार होते.
आम्ही तिला साखर म्हणतो.
वरून टाका कितीही देखणा असो,
मामा आत बोट घालून बघतो.
रंग गवती हवा. सोनेरी चालेल.
वांग्यासारखा जांभळा झाला तर गप्प बसतो,
राखाडी झाला तर कापतो.

गाडी लामाराबाईंची. गुरांच्या डॉक्टर,
तुशेतीच्या वाटेवरची गावं त्यांच्याकडे.
त्यांचा मुलगा त्सोत्ने फोन घेऊन आला :
असा आवाज हवा, म्हणाला, गडगडणारा, लंगडत धावणारा.
तो फुकट मिळतो. उजवा पाइप आखूड, डावा लांब,
एकीकडचा धूर आधी पोचतो,
दुसरीकडचा मागून धडपडत.
जागाही तेच सांगत होती.

लामाराबाई दारातूनच म्हणाल्या,
"रात्री तीनला गोठ्याशी जाते मी.
वासरू अडलेलं असतं.
गाय बिचकता कामा नये."

मामाने झालेलं निम्मं काम कापून काढलं.
उजव्या पाइपाला गिअरबॉक्सखालून उगीच वळसा दिला,
दोन्ही वाटा सारख्या होईपर्यंत,
मिलिमीटरवर भांडत.
त्यात आणखी दोन दिवस गेले, आरगॉनचं तिसरं नळकांडं गेलं.
बिलात त्याने दोनच लिहिली.
त्सोत्ने बाहेर टायरवर बसून राहिला,
चहाही घेतला नाही.

चालू केली तेव्हा नवा पाइप आधी धुरकटला,
माझ्या बोटांचे तेलकट ठसे जळाले.
मामाचा डावा कान कारखान्यातच राहिला,
उजवाही आता कामापुरताच.
त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपावर टेकवलं,
मूठ दातांत धरली
आणि डोळे मिटले.
एका जोडाशी थांबला. पाना मागितला.
अर्धा फेरा आवळला. पुन्हा दात.

संध्याकाळी गाडी गेली.
मी झाडत होते, सात नंबरची चुकलेली चकती
केरात सापडली, खिशात टाकली.
मामा हात पुसत दाराशी उभा.
"वळणापर्यंत ऐकू आली का गं?"
"नाही," मी म्हटलं. "पंपाच्या अलीकडेच गेला आवाज."
त्याने मान हलवली
आणि दिवे मालवायला आत गेला.